वाचकांचे प्रश्न : चांगला छोटा व्हिडिओ सापडतो कसा?

प्रश्न : चित्रकला, विज्ञान, इतिहास यांवरचे छोटे व्हिडिओ मला मनापासून आवडतात. पण शोधायला बसलं की ‘थक्क करणारी दहा रहस्यं’ छापाचंच काहीतरी पुढ्यात येतं. एखादा सुंदर व्हिडिओ मिळालाच तर तो निव्वळ योगायोगाने. तुम्ही शोधता तरी कसे?

उत्तर : शोधाच्या चौकटीत आपण काय लिहितो, त्यावर निम्मं काम ठरतं. ‘प्राचीन इतिहास’ किंवा ‘विज्ञान माहिती’ असं लिहिलं की ज्यांनी हेच शब्द शीर्षकात कोंबलेले असतात, ते सगळे रांगेत पुढे येतात. आयुष्यभर एकाच वस्तूचा अभ्यास केलेला माणूस आपल्या व्हिडिओला असं नाव देत नाही. म्हणून विषय लिहू नका; वस्तूचं, क्रियेचं किंवा एखाद्या ठिकाणाचं नाव लिहा.

‘मेसोपोटेमिया’ऐवजी ‘रॉयल गेम ऑफ उर’ लिहून बघा. ब्रिटिश म्युझियममधले आयर्विंग फिंकेल एका पाहुण्याला समोर बसवून हा सोंगट्यांचा खेळ खेळतात, तो व्हिडिओ मिळेल. पट सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा, पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२०च्या दशकात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, उर या प्राचीन शहराच्या राजकबरींत सापडलेला. पण खेळायचं कसं हे पटावर थोडंच लिहिलेलं असतं? ते कळलं इसवी सनपूर्व १७७ मधल्या एका बाबिलोनी मातीच्या पाटीवरून, आणि ती पाटी वाचली फिंकेल यांनीच. व्हिडिओ थोडा लांबट आहे. पण ज्याने नियम उलगडले, तोच माणूस जिंकायच्या ईर्ष्येने सोंगटी पुढे सरकवतो आहे, हे बघण्यातला आनंद कुठल्याही निवेदकाकडून मिळायचा नाही.

माझी उमेदीची वर्षं संकलनाच्या टेबलावर गेली, त्यामुळे माझी नजर आधी कटवर, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं जोडलं जातं त्या जागेवर, जाते. तुम्हीही हे करून बघा : पहिलं मिनिट आवाज बंद ठेवा. ज्याबद्दल बोलणं चाललंय ती वस्तू पडद्यावर येते का? आली तर किती वेळ राहते? ज्याच्याकडे दाखवण्यासारखं खरंच काही असतं, त्याला शॉट तोडायची घाई नसते. ज्याच्याकडे नसतं, तो दर दोन सेकंदांनी ढग, घड्याळाचे काटे, गर्दीतली पावलं असलं कुठलंही तयार फुटेज लावत सुटतो. मिनिटभरात निकाल लागतो.

या परीक्षेत हमखास उतरणारी दोन नावं सांगतो. पहिलं ‘स्मार्टहिस्टरी’, कलेवरच्या व्हिडिओंचं संकेतस्थळ. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झकर या दोन कला-इतिहासकारांनी ते २००५ मध्ये सुरू केलं. पडद्यावर फक्त चित्र किंवा शिल्प दिसतं; दोघांचे चेहरे नाहीत, नुसता संवाद. एक जण काहीतरी दाखवतो, दुसरा विचारतो, पुन्हा त्याच कोपऱ्याकडे नजर वळते. आपण त्यांच्या शेजारी उभे आहोत असं वाटायला लागतं. दुसरं नाव ‘पीरिऑडिक व्हिडिओज’. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना घेऊन ब्रॅडी हॅरन यांनी २००८ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ११८ मूलद्रव्यांपैकी प्रत्येकावर व्हिडिओ केला. पांढऱ्याशुभ्र पिंजारलेल्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ एकदा बघितले की विसरत नाहीत. काही मूलद्रव्यांवर त्यांनी नंतर नव्याने व्हिडिओ केले, ही मला त्या मालिकेची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. एकाच मूलद्रव्याचा जुना आणि नवा व्हिडिओ लागोपाठ बघा.

एक चांगला व्हिडिओ हाती लागला की खालचं वर्णन उघडा आणि कोणी केलाय, कोण बोलतंय, ते नाव टिपून घ्या. पुढचा शोध त्या नावाने करायचा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून टाका. ती यंत्रणा आपण कशावर बोट ठेवलं आणि किती वेळ बघत राहिलो हे मोजते. काय मनात राहिलं, हे तिला कसं कळणार?

प्रश्न : पाच मिनिटांत खरंच काही शिकता येतं का? घरात यावरून रोज वाद होतो.

उत्तर : एक गोष्ट नीट बघता येते, आणि ती कमी नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून सव्वा किलोहून जड हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही एकदमच जमिनीला टेकली. हवा नसेल तर जड-हलकं सगळं सारख्याच वेगाने पडतं, हे गॅलिलिओचं म्हणणं. ते आपण पाठ केलेलं असतं; इथे ते घडताना दिसतं. चित्रण धूसर आहे आणि प्रयोग मिनिटभरातच संपतो.

तसंच चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचा १९७७ चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा लघुपट, सुमारे नऊ मिनिटांचा. हिरवळीवर झोपलेल्या माणसापासून दर दहा सेकंदांना दहापट अंतर मागे जात कॅमेरा दीर्घिकांच्या पार जातो आणि परत फिरून हाताच्या कातडीतून अणुकेंद्रात शिरतो. जोड कुठे आहेत ते मी संकलकाच्या नजरेने शोधत बसतो, पण डोळ्यांना एकच सलग प्रवास दिसतो.

मात्र अमुक युद्ध का झालं, तमुक साम्राज्य का कोसळलं, हे पाच मिनिटांत पटवून देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला पुस्तकच हवं. घरातल्या वादात दोन्ही बाजूंना हे सांगा.

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीच्या शहरांचे रंगीत, लख्ख व्हिडिओ हल्ली खूप दिसतात. ते खरे असतात का?

उत्तर : मूळ चित्रण बहुधा खरं असतं. रंग यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. रस्त्यावरचा गलका, घोड्यांच्या टापा हे सगळं नंतर चिकटवलेलं, कारण मूळ फिल्म मूक होती. आणि हालचाल जी इतकी लोण्यासारखी वाटते, ती दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये यंत्राने रचलेल्या खोट्या फ्रेम घुसवल्यामुळे. कॅमेऱ्याने कधीच न टिपलेला क्षण आपण बघत असतो. मला हे खटकतं, आणि वर्णनात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर फारच खटकतं.

एक उदाहरण घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून केबल कारच्या (रस्त्यातल्या रुळांवरून तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामसारख्या गाडीच्या) पुढच्या बाजूला कॅमेरा लावून घेतलेली एक फिल्म आहे, ‘अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट’. ती अनेक वर्षं १९०५ ची मानली जायची. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावर साचलेलं पाणी बघितलं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या पावसाच्या बातम्या चाळल्या, मोटारींच्या नंबरपाट्यांची नोंद शोधली आणि दाखवून दिलं की चित्रण एप्रिल १९०६ चं आहे. १८ एप्रिलला त्या शहरात प्रचंड भूकंप झाला, म्हणजे त्याच्या अगदी काही दिवस आधीचं! फिल्ममध्ये दिसणाऱ्या कितीतरी इमारती त्यानंतर उरल्या नाहीत.

आणखी गंमत अशी की रस्ता गजबजलेला दिसावा म्हणून त्याच त्या मोटारी कॅमेऱ्यासमोरून पुन्हा पुन्हा फिरवल्या आहेत. मूळ कृष्णधवल प्रत शांतपणे बघितलीत तर तुम्हालाही त्या ओळखू येतील. म्हणजे मूळ प्रतही डोळे झाकून खरी मानायची नाही. ही फिल्म ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या दोन्हीकडे मिळते. रंगीत आवृत्ती आवडली तर जरूर बघा, पण मग तिचं मूळही शोधा.

जुन्या बातमीपटांसाठी ‘ब्रिटिश पॅथे’ आहे. त्यांनी २०१४ मध्ये जवळपास ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर खुल्या केल्या. तिथलं निवेदन त्या काळाच्या सत्तेच्या सुरात बोलतं, तेही कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

प्रश्न : जगभरातल्या लोककला आणि हस्तकला बघायच्या आहेत, पण सगळीकडे पर्यटनाच्या जाहिरातीच दिसतात.

उत्तर : युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीपासून सुरुवात करा. यादीतल्या परंपरांसोबत साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ मिळतो. नाच, विणकाम, गाणी, होड्या बांधणं, काय नाही तिथे! पण हे व्हिडिओ यादीत नाव लागावं म्हणून त्या त्या देशाने पाठवलेले असतात. त्यामुळे सगळे हसतमुख दिसतात. कारागिराला काय मिळतं, त्याची मुलं हे काम पुढे करणार का, हे त्यात सहसा येत नाही.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. त्या कलेचं नाव तिच्या मूळ लिपीत कॉपी करा आणि ते शोधा. उदाहरणार्थ, जपानी हातकागद म्हणजे ‘वाशी’. हा शब्द जपानी लिपीत टाकला की निकाल पार बदलतात. खुद्द कारागिरांनी घेतलेलं, फारसे कट नसलेलं चित्रण वर येऊ लागतं. भाषेची अडचण आली तर भाषांतरित उपशीर्षकं चालू करा. ती बरेचदा चुकतात, पण लगदा चाळणीवर कसा हलवतात हे कळायला तेवढी पुरतात.