‘कापणे’ हा एक शब्द नाही, दोन आहेत

प्रश्न असा आहे: जुन्या पुस्तकांत ‘हात कांपतात’ असा अनुस्वार दिसतो, आता सगळे ‘कापतात’ लिहितात, मग थरथरणे आणि चिरणे हे दोन अर्थ एकाच शब्दाला कसे आले? आणि थरथरणे, हादरणे, लटपटणे हे सगळे एकच का?

आधी पहिले. हे दोन अर्थ नव्हेत, दोन निराळे शब्द आहेत. थंडीने कापणे हे संस्कृत ‘कम्प्’ धातूचे, प्राकृतात ‘कंपइ’. भाजी कापणे हे ‘कॢप्’ धातूचे, प्राकृतात ‘कप्पइ’. ‘कॢप्’चा मूळ अर्थ नीट बेतणे, जुळवणे, त्यातूनच छाटून नेटके करणे हा अर्थ आला. मनुस्मृतीत केस, नखे, दाढी कापलेल्याला ‘कॢप्तकेशनखश्मश्रु’ म्हटले आहे आणि संस्कृतात ‘कल्पक’चा एक अर्थ न्हावी असाही आहे. म्हणजे कापणे आणि कल्पना ही सख्खी भावंडे, तर थंडीने कापणे हे भूकंपाच्या घरातले.

मराठीत येताना जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: सप्त, सत्त, सात. तसेच कप्प, काप. जोडाक्षरात अनुनासिक असेल तर ते स्वरात मुरते: दंतचा दांत, कंटकचा कांटा, कंपचा कांप. कोकणीत हा नाकातला स्वर आजही स्पष्ट आहे, हिंदीतही ‘काँपना’ तसेच आहे. प्रमाण मराठीच्या उच्चारातून तो गेला, पण लिहिण्यात बराच काळ राहिला. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘कांपणें’ आणि ‘कापणें’ वेगवेगळ्या नोंदी आहेत. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढला आणि दोन्ही शब्दांची चेहरेपट्टी एक झाली. नियम योग्यच होता, पण या जोडीपुरती खूण हरवली हेही खरे.

आता ओळखायचे वाक्यरचनेवरून. थरथरण्याचे कापणे अकर्मक: ‘वासरू थंडीने कापत होते.’ चिरण्याचे सकर्मक: ‘आजीने भाजी कापली.’ अडचण येते ती भूतकाळात, कारण चिरण्याचे कापणे अकर्मकही वापरतात: ‘बोट कापलं.’ म्हणून ‘भीतीने तिचा हात कापला’ असे लिहिले की वाचणाऱ्याला आधी रक्त दिसते. तिथे ‘हात कापू लागला’, ‘हात थरथरला’ किंवा ‘हाताला कंप सुटला’ लिहावे. ‘कापतो’, ‘कापत होता’ या रूपांना सहसा धोका नाही.

‘कापरे’ थरथरण्याच्या घरातले. ते ज्याला भरते त्याला ‘ला’ लागतो: ‘त्याला कापरे भरले.’ विशेषण ‘कापरा’, म्हणून ‘कापऱ्या आवाजात’. ‘कापराची वडी’ मधला कापूर वेगळा, तो ‘कर्पूर’चा, त्याच्या सामान्यरूपात ‘ऱ्या’ येत नाही, ‘रा’ येतो. ‘कापराच्या आवाजात’ असे छापलेले दिसले की ती चूकच. ‘थरकाप’मधला काप थरथरण्याचा, बटाट्याच्या कापांचा नव्हे. थरकाप ज्याचा असतो त्याला षष्ठी लागते: ‘त्याचा थरकाप उडाला’. ‘त्याला थरकाप झाला’ मराठी नाही.

आता दुसरा प्रश्न: बाकीचे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कापायला सहसा जिवंत अंग, आवाज किंवा ज्योत लागते. थरथरणे बारीक आणि जलद, म्हणून पानही थरथरते. हादरणे जड वस्तूचे आणि धक्क्याने: १९६७ला कोयना, १९९३ला किल्लारी परिसर हादरला, थरथरला म्हटले तर भूकंपाचे वजनच जाते. पाय लटपटतात, होडी डगमगते, टेबल डुगडुगते, भरल्या घागरीतले पाणी हिंदकळते. हुडहुडी फक्त थंडीची किंवा तापाची, आणि ती भरते. भीतीने चळचळा कापतात, रागाने थरथरतात; रागाने चळचळा कुणी कापत नाही.

गीतेत अर्जुनाच्या कापण्याला ‘कंप’ नाही, ‘वेपथु’ म्हटले आहे. रसशास्त्रातल्या अष्टसात्त्विक भावांतले नावही तेच. ‘कंप’चा सर्वांत सुंदर वंशज मला ‘अनुकंपा’ वाटतो: दुसरा कापतो तसे त्याच्याबरोबर कापणे. सरकारी ‘अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती’तही तोच धातू आहे.

जुना मजकूर टंकत असाल तर सरसकट अनुस्वार काढू नका. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे असा नियमच आहे. त्यात ‘कांपे’ असेल तर ‘कांपे’च ठेवा. त्यानंतरच्या लेखनाला आजचे नियम लावा.