आजीचं पायमशीन हाती आलंय? आधी हे वाचा

वाड्याच्या माळ्यावरून उतरवलेलं सिंगरचं जुनं शिलाई मशीन म्हणजे घबाडच! फक्त घाई नको.

वरचं, हाताने फिरवायचं चाक जाम असेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा तो गंज नसतोच, घट्ट झालेलं जुनं तेल असतं. तेल सोडायच्या प्रत्येक भोकात शिलाई मशीनचं तेल दोन-दोन थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी चाक हलकेच मागेपुढे करा. दोन-चार दिवस हेच. खोबरेल चुकूनही नको, तेच पुढे चिकटून बसतं.

दुसरी चूक सोनेरी नक्षीची. स्पिरिट किंवा थिनर लावलात की नक्षी गेलीच. ती परत येत नाही, म्हणून जीव तुटतो. मऊ सुती कापड आणि तेच तेल, बस्स. रॉकेल आणि ब्रश खालच्या लोखंडी पायांसाठी ठेवा.

दातऱ्याखालचा (सुईखाली कापड पुढे सरकवणारी दातेरी पट्टी) दोऱ्यांचा गुंता चिमट्याने काढा. चामडी पट्टा नवाच घ्या. किरकोळ भागांसाठी बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, जुना भाग सोबत न्या.

रंगकाम, पॉलिश, टेन्शनची (दोऱ्याचा ताण ठरवणारा भाग) खोलाखोल नंतर. आधी दोरा न ओवता पाय चालवायचा सराव करा. वरचं चाक आपल्याकडेच फिरायला हवं. अडलात तर फोटो टाका, बघू.