मोजण्याआधी बघ

अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या नोटिसांत कुठला शब्द किती वेळा येतो ते पायथॉनमध्ये मोजायच्या तुझ्या प्रोग्रॅमबद्दलचा मेसेज काल रात्री वाचला. 'काका, डिक्शनरीत एक की एकदाच येते असं सरांनी शिकवलं. मग माझ्या आउटपुटमध्ये "दुसऱ्या" दोनदा कसा आला?' आणि खाली रडका चेहरा लावून, 'बहुतेक मला हे जमणार नाही.' त्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही. पहिला प्रश्न झकास आहे, त्याचं बोलू.

सरांचं बरोबरच आहे. डिक्शनरी म्हणजे शब्द आणि त्याच्यापुढे त्याचा आकडा अशी नोंदवही; शब्द ही की, आकडा ही व्हॅल्यू. तुझ्या आउटपुटमधले ते दोन 'दुसऱ्या' मुळात एक नाहीत, एवढंच. दोघांची लेन, म्हणजे काना-उकार धरून चिन्हांची संख्या, काढून बघ. एकाची ७ येईल, दुसऱ्याची ८. सोसायटीच्या ग्रुपवरच्या नोटिसा दहा जणांनी दहा कीबोर्डांवर बडवल्यात. कुणाच्या फोनने 'ऱ' हे वेगळं अक्षर टाकलं, कुणाच्या फोनने साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडला आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं. झीरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पायथॉनला नाही. नुसता शब्द प्रिंट केलास तर काही कळणार नाही. शब्दांची अख्खी लिस्ट प्रिंट कर, मग ते लपलेलं चिन्ह आपल्या कोडनंबरासकट उघडं पडतं. मोजणीआधी एका रिप्लेसने सगळे एका वळणावर आण, की झालं.

पण हे मी सांगावं का लागलं? कारण तू मजकूर बघितलाच नाहीस. फाइल उघडली, लूप फिरवला, आकडे आले, आणि मग आकड्यांकडे बघत बसलीस. मोजण्याआधी बघ. कागदावर बघ, बोट ठेवून बघ.

हे घे, तुमच्याच ग्रुपवर शोभेल अशी नोटीस: 'आज पाणी नाही. उद्या पाणी येईल. पाण्याचा टँकर मागवला आहे, पण टँकरचं पाणी पिऊ नये.' पेन्सिल घे आणि पाणी किती वेळा आलं ते सांग. तू चार म्हणशील, तुझी आईही चारच म्हणेल. स्प्लिट करून, म्हणजे मोकळ्या जागांवर तोडून, डिक्शनरीत भरलंस तर तीन येतील, कारण 'पाण्याचा' ही वेगळी की. टँकर तू दोन मोजशील, मशीन एकच मोजेल. 'टँकरचं' बाजूला बसेल. 'नाही' तर त्यात सापडणारच नाही, तिथे 'नाही.' आहे, पूर्णविरामासकट. शब्द १५, कीज १३. सगळ्या व्हॅल्यूंची बेरीज मात्र १५ यायलाच हवी. ती आली नाही तर लूपमध्ये गडबड आहे. हा ताळा दर वेळी कर.

आता सांग, पाणी तीनदा की चारदा? हे पायथॉन ठरवणार नाही, तू ठरवायचंस. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या मुलांचं इथेच अडतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, वर सामान्यरूप होऊन शब्दाचा चेहराच बदलतो. पाणी, पाण्याला, पाण्यातून, पाण्यासाठी. यांचं काय करायचं हे नोटिसा वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून म्हणतो, आधी बघ.

मित्राने दिलेल्या त्या रेगेक्सबद्दल, म्हणजे मजकुरातून शब्द शोधायच्या साच्याबद्दल. बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, म्हणजे 'सलग अक्षरं उचल', लावला की विरामचिन्हं जातात, हे त्याचं म्हणणं इंग्रजीपुरतं खरं. पायथॉनच्या साध्या रेगेक्सला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यातलं काहीच अक्षर वाटत नाही, तिथे तो शब्द तोडतो. 'पाणी'चे 'प' आणि 'ण' होतात. आणि 'टँकर'चे 'ट' आणि 'कर'! नोटिशीत कराचा उल्लेख नाही आणि यादीत कर हजर. गंमत म्हणजे हाच पायथॉन तुला व्हेरिएबलचं नाव 'मोजणी' असं ठेवू देतो, तिथे ओकारही चालतो आणि वेलांटीही. तू स्प्लिटच कर, आणि शब्दांच्या कडेची चिन्हं स्ट्रिपने काढ. काय काय काढायचं ते स्वतः लिही. तयार पंक्चुएशनच्या यादीत आपला दंड (।) नसतो.

नसलेली की मागितली की येणाऱ्या की-एररला घाबरून तू गेटची ओळ पाठ केलीस, हेही दिसलं. 'शब्द नसेल तर शून्य धर आणि एक मिळव', एवढंच ते. एकदा इफ-एल्सने लांबलचक लिही, मग गेट, मग खुशाल काउंटर, ते पायथॉनचं तयार मोजणीयंत्र, वापर. मीही वापरतो. काउंटरशी माझं भांडण नाही. न बघता काउंटर लावणाऱ्यांशी आहे.

आणि ते जुनं आहे. महापेला नोकरीत असताना ग्राहकांच्या पत्त्यांवरून शहरवार आकडे काढायचं काम माझ्याकडे होतं. 'ठाणे', 'ठाणे (प.)', 'ठाणे पश्चिम', 'ठाणा', प्रत्येकाचा वेगळा आकडा, आणि बेरजेत आमचं ठाणं पार खाली गेलेलं. मी पत्त्यांचे प्रिंटआउट काढून पेन्सिलीने वाचत बसायचो. साहेब म्हणायचे, रिपोर्ट चारपर्यंत हवा. मागच्या टेबलावरचे म्हणायचे, हा प्रोग्रॅमर नाही, पोस्टमन आहे. बढती चारच्या आत रिपोर्ट देणाऱ्याला मिळाली. मिळू दे. माझ्या रिपोर्टात ठाणे एकच होतं आणि ते योग्य जागी होतं. वाईट एवढ्याचंच वाटतं, की हे तेव्हा मीटिंगमध्ये बोललो नाही आणि आता तुझ्यासारख्या पोरीला ऐकवतोय, जिचा त्यात काही दोष नाही. पण ऐक.

१८९७-९८ मध्ये केडिंग नावाच्या जर्मन माणसाने लघुलिपीच्या कामासाठी सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची मोजणी करून छापली होती. कॉम्प्युटर नव्हता, माणसं बसवून केली. हाताने मोजणाऱ्याला प्रत्येक शब्द बघावाच लागतो, सुटकाच नसते. तुला सुटका आहे, म्हणून तर तू घोळात पडलीस.

तर रविवारी नौपाड्यात येशील तेव्हा लॅपटॉप घरीच राहू दे. नोटिसांचे प्रिंटआउट आण, मोठ्या अक्षरात, मला आता बारीक दिसत नाही. कुठले शब्द एक धरायचे आणि कुठले वेगळे, याची तुझी यादी कागदावर तयार असू दे. 'पाण्याचा'वर आपण भांडू. मी त्याला पाण्यातच धरणार आहे. तुझं मत वेगळं असेल तर कारण घेऊन ये.

काका