ट्रक आडवा पडतोय, मोटर बदलू का?

सध्या येणाऱ्या पत्रांत एकच रडगाणं आहे. प्लास्टिकचं ट्रकचं किट आणलं, जोडलं, खाली मोटर बसवली, स्लॉट कारच्या (खाचेत अडकून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या) ट्रॅकवर सोडलं आणि पहिल्याच वळणावर गडी लोळला. मला लिहायची आठवण होते तेव्हा करवत चालवून झालेली असते. असो.

प्रश्न : ट्रकचं किट 1/24 चं (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं) घ्यावं की 1/32 चं?

आधी ट्रॅक मोजा. खरा ट्रक सुमारे अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे 1/32 मध्ये तो 78 मिलिमीटर भरतो आणि 1/24 मध्ये 104. स्केलेक्स्ट्रिक कंपनीच्या ट्रॅकवर दोन खाचांमधलं अंतरच सुमारे 78 मिलिमीटर आहे. दोन ट्रक शेजारी आले की आरशाला आरसा घासणार, वळणावर तर नक्कीच. कॅरेराच्या रुंद ट्रॅकवर हे अंतर 99 च्या आसपास आहे; तिथे 1/32 निवांत पळतो, 1/24 मात्र शेजाऱ्याला ढकलतो. लाकडी ट्रॅकवर खाचा एकमेकींपासून किती लांब पाडल्यात हे ज्याचा ट्रॅक आहे त्यालाच विचारा, आणि किटचे पैसे देण्याआधी विचारा.

प्रश्न : किटमधलेच टायर वापरले तर?

नको. ते कपाटात उभं राहण्यासाठी असतात, त्यांना पकड नसते.

प्रश्न : ट्रक मागे पळतो.

मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा.

प्रश्न : वळणावर ट्रक आडवा होतो. दुकानदार म्हणतो, जास्त ताकदीची मोटर आणि मोठं चुंबक लावा, सगळं बसेल. लावू का?

दुकानदाराकडे मोटर आणि चुंबक विकायला आहेत, म्हणून तो तसं म्हणतो. आडव्या पडणाऱ्या ट्रकला जोरदार मोटर लावली की तो आणखी लवकर आडवा पडतो, एवढंच.

चुंबकाचं म्हणाल तर ते ट्रॅकमधल्या वीज वाहणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनाच धरतं. तांब्याची पट्टी चिकटवलेल्या लाकडी ट्रॅकवर ते नुसतं ओझं. प्लास्टिकच्या ट्रॅकवर धरतं खरं, पण एका मर्यादेपर्यंत. मर्यादा संपली की एकदम सोडतं, आणि उंच ट्रक मग घसरत नाही, उडतो.

दुखणं वजन कुठे आहे याचं आहे, किती आहे याचं नंतर. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर 72 मिलिमीटर धरा. त्याचं निम्मं 36. तुमच्या ट्रकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 36 मिलिमीटरच्या वर असेल, तर चांगली पकड असलेल्या टायरवर तो घसरण्याआधी कलंडू पाहणार. हे तपासायला यंत्र लागत नाही. ट्रक फळीवर आडवा उभा करा, खालच्या बाजूच्या चाकांना अडसर म्हणून एक बारीक काडी चिकटवा आणि फळी हळूहळू उचला. 45 अंशांच्या आत कलंडला तर तो ट्रॅकवर न्यायच्या लायकीचा नाही. माझा एक ट्रक 41 अंशांना गेला होता. मी मोटरीला हातही लावला नाही. जाड काचा काढून पातळ पारदर्शक प्लास्टिक लावलं, इंजिन आणि केबिनची आतली सजावट फेकली, ड्रायव्हर छातीपासून कापला, छत आतून पॉलिश पेपरने इतकं घासलं की उजेडाकडे धरल्यावर बोट दिसायला लागलं. मग शिशाची पट्टी चासीच्या तळाला, गाइड (ट्रकखालची खाचेत चालणारी पात) आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये. तो 50 अंशांपर्यंत टिकला. बॉडीचे स्क्रू शेवटी अर्धा फेरा ढिले ठेवा, केबिन जराशी डुलली पाहिजे.

शिसं केबिनच्या आत, सीटखाली चिकटवणारेही भेटतात. त्यांना नमस्कार. हे सगळं करूनही ट्रक पडत असेल, तर तो घेऊन ट्रॅकवर मुरलेल्या माणसाकडे जा. फोटोवरून निदान होत नाही.

प्रश्न : मग मोटर कोणती?

ट्रकचं चाक मोठं असतं हे सगळे विसरतात. 1/32 मध्ये गाडीचं चाक 20 मिलिमीटरच्या आसपास, ट्रकचं 30 च्या वर. गाडीला 9 दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि 27 दातांचा गिअर, म्हणजे 3:1, पुरतो. तोच ट्रकला लावला तर प्रत्येक फेऱ्याला दीडपट अंतर कापलं जातं. मोटर धापा टाकते, गरम होते आणि ब्रेकही लागत नाही. मोठ्या चाकामुळे खाली जागा मिळते, तिथे जास्त दातांचा गिअर बसवा. 36 दातांचा बसला तर 4:1 मिळतं. सोबत मोटर कमी फेऱ्यांची घ्या. पाकिटावर छापलेला फेऱ्यांचा आकडा किती व्होल्टला आहे तेही बघा, तो तुमच्या ट्रॅकच्या व्होल्टेजचा असेलच असं नाही.

प्रश्न : गाइड नेमकं कुठे बसवू?

पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. चपट्या तोंडाच्या ट्रकात ड्रायव्हर चाकावर बसलेला असतो, त्यामुळे बंपरखाली भरपूर जागा असते. लांब नाकाच्या अमेरिकन ट्रकात अ‍ॅक्सल जवळजवळ बंपरलाच टेकलेला, तो आडवा येतो. तिथे सलग अ‍ॅक्सल न घालता दोन चाकं वेगवेगळ्या खुंट्यांवर बसवा. गाइडच्या तांब्याच्या जाळीला ब्रेड म्हणतात; एका वाचकांनी 'कुठला ब्रेड' असं विचारलं होतं, म्हणून खुलासा.

प्रश्न : मागे दोन अ‍ॅक्सल आहेत, दोन्ही फिरवू?

एकच फिरवा. दुसरा अर्धा मिलिमीटर वर उचला, नाहीतर तो वजन चोरतो.

प्रश्न : ट्रेलरही ओढायचाय.

आधी नुसतं घोडं, म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक, नीट पळू द्या. वळणावर ट्रेलरची शेपटी आत शिरते आणि शेजारच्या खाचेतल्याला झोडपते. शर्यतीत तो लावायचा तर आयोजकांची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : मुलगा 12 वर्षांचा आहे. चासीला डाग देणं (सोल्डरिंग), शिसं कापणं त्याला करू देऊ?

शिसं नको. ते तुम्ही कापा, कोरडं घासू नका, नंतर हात साबणाने धुवा आणि ती कात्री स्वयंपाकघरात परत नेऊ नका. डाग तो तुमच्या देखरेखीखाली देऊ शकेल, पण बॉडीपासून लांब. नेहमीचं शिसं-कथलाचं सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळतं आणि किटचं प्लास्टिक 100 च्या आसपासच मऊ पडतं. ट्रॅकचा ट्रान्सफॉर्मर मात्र कुणीच उघडायचा नाही. तो इलेक्ट्रिशियनकडे.

प्रश्न : वर्षभरापूर्वी बॉडी कापून ठेवली आहे, आता रुंदी जास्त वाटतेय.

वर्षभर काय केलंत? चाकं आत घ्या. तरी नाही जमलं तर ती बॉडी कपाटात ठेवा, आणि पुढचं किट घेऊन करवतीआधी लिहा.