किती खायचं, हे तिचं तिला ठरवू द्या

"आमचं बाळ काही खातच नाही." लहान मुलांच्या पालकांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच. त्यामागची भीती खरी असते, म्हणून मी ते कधी झटकून टाकत नाही. पण 'खात नाही' म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढेही जात नाही.

एक आई पंधरा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज किती चमचे पोटात गेले, याची ती नोंद ठेवायची. "मॅडम, एकेका जेवणाला तास-सव्वा तास लागतो. मोबाइल लावल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. ती बघत असते तेवढ्यात मी घास घालते. कधी कधी शेवटी मीच रडते." सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हिच्याच वयाची माझी दुसरी नात वाटी चाटूनपुसून संपवते." सुनेची मान आणखी खाली गेली.

मी आधी वजनाचा तक्ता मागितला. जन्मापासूनचे ठिपके आपल्या रेषेला धरून वर चढत होते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही उतरते. नेमकं याच सुमारास मूल चालायला लागतं. दिवसभर एवढं धावतंय, तर जास्त खायला हवं, असा घरच्यांचा हिशेब असतो आणि ताटात दिसतं उलटंच. पुष्कळ घरांतली काळजी इथूनच सुरू होते.

मग दुधाचं विचारलं. बाटली सकाळी, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री आणि रडली की मधेही. दिवसाकाठी जवळजवळ लिटरभर! "जेवत नाही, निदान दूध तरी जाऊ दे पोटात," आई म्हणाली. खरी गाठ इथे होती. या वयात पोटात एका वेळी मावतं ते वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम. नऊ किलोच्या मुलीसाठी हे पावशेराहून थोडंसंच जास्त झालं, म्हणजे एका भरल्या बाटलीत पोट फुल्ल. जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध प्यायली म्हणून जेवत नाही. शिवाय गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी असतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते, मूल किरकिरं होतं आणि मेंदू झपाट्याने घडत असतानाच त्याला हवं ते मिळत नाही. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. वजन ठीक असलं तरी ही शंका घ्यावी लागते, हे मी मुद्दाम सांगते.

पुढच्या भेटीला येताना एका जेवणाचा व्हिडिओ काढून आणायला सांगितलं होतं. तो आम्ही तिघींनी मिळून पाहिला. आधी मुलीने मान वळवली. मग ओठ घट्ट मिटले. मग हाताने चमचा ढकलला, आणि सगळ्यात शेवटी रडली. आईने व्हिडिओ थांबवला. "अहो, ही तर केव्हाची सांगतेय!"

बोलता न येणाऱ्या मुलाची भाषा हीच. मान वळवली आणि समोरचं माणूस थांबलं, की आपलं म्हणणं पोचतं हे मुलाला कळतं. पुढे शब्द फुटतात ते याच देवाणघेवाणीवर. डोळे पडद्यावर खिळले की चव, पोट भरल्याची जाणीव आणि आईचा चेहरा, तिन्ही सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांनाही स्क्रीन नकोच, असं स्पष्ट सांगितलं आहे.

"पण तिच्यावर सोडलं तर ती उपाशीच राहील," सासूबाईंची धास्ती. त्यांना मी क्लारा डेव्हिस यांची गोष्ट सांगितली. या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० आणि ३०च्या दशकांत नुकतंच वरचं खाऊ लागलेल्या १५ बाळांसमोर साधे, सकस पदार्थ मांडून ठेवले. शेजारी बसलेल्या परिचारिकांनी आग्रह करायचा नाही, सुचवायचंही नाही. प्रत्येक बाळाची निवड वेगळी, कधी कधी अगदी विचित्र. तरी सगळी उत्तम वाढली. मात्र समोर ठेवलेलं सगळंच चांगलं होतं, गोडधोड नव्हतंच, ही बाजू विसरून चालत नाही. काय, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली ही वाटणी मला आजही सर्वांत उपयोगाची वाटते.

मग ठरलं ते असं. बाटली बंद, दूध कपातून, जेवणानंतर, दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. सगळ्यांबरोबर बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. केळं, उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेली भाजी तिच्या हातात द्यायची. सांडेल, ते सांडू द्यायचं. अर्ध्या तासात उठायचं. नवा पदार्थ नाकारला तर चिमूटभर पुन्हा ठेवायचा, आठ-दहा वेळा तरी, आणि 'खा' म्हणायचं नाही. सगळ्यात अवघड हेच.

पहिले दिवस कठीण गेले. बाटलीसाठी रडारड झाली, घरात वादही झाले. भूक परतली ती हळूहळू. आता कधी ती मागून घेते, कधी दोन घास खाऊन उतरते, आणि आई तिला उतरू देते. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मी भरवायचंच नाही का?" म्हटलं, भरवा की, तिने तोंड उघडलं की भरवा.

मात्र वजनाचा तक्ता सपाट झाला किंवा खाली वळला, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, सतत उलट्या होत असतील, वर्ष उलटूनही घट्ट काही तोंडात घेत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर भुकेची वाट पाहत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.