समावेशित, समावेशक की एकात्म?

प्रश्न असा: अपंग मुलांनी इतरांबरोबर एकाच वर्गात शिकणं, याला शाळेच्या परिपत्रकांत 'समावेशित शिक्षण' म्हटलेलं असतं, लेखांत 'समावेशक' आणि जुन्या कागदांत 'एकात्म'. तिन्हींचा अर्थ एकच का?

एकच नाही. विश् म्हणजे आत शिरणे. 'प्रवेश' आणि 'समावेश' दोन्ही याच धातूचे. प्रवेश दारातून मिळतो. समावेशासाठी आतल्यांना सरकून जागा करावी लागते. अंधुक दिसणाऱ्या मुलीचं नाव पटावर चढलं, हा प्रवेश झाला. तिला मोठ्या अक्षरांतलं पुस्तक मिळालं आणि बाई फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवू लागल्या, की समावेश सुरू झाला.

जर्मन भाषकांमध्ये याच फरकावरून मोठा वाद झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराच्या २४व्या कलमात 'इन्क्लुझिव्ह', म्हणजे समावेशक, शिक्षणव्यवस्था आहे. अधिकृत जर्मन भाषांतरात तिथे 'इंटेग्राटिव्ह', म्हणजे आपलं 'एकात्म', छापलं गेलं. त्याचा अर्थ, मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं, शाळा आहे तशीच! अपंगांच्या संघटनेने स्वतःचं वेगळं भाषांतर काढलं आणि ऑस्ट्रियाने २०१६ साली आपला मजकूर सुधारला. मला हा आग्रह अगदी रास्त वाटतो. इटलीत मात्र काम आधी झालं. १९७७च्या कायद्याने तिथले विशेष वर्ग बंद केले, तेव्हा शब्द 'इंतेग्रात्सिओने' (एकात्मीकरण) होता; 'इंक्लुझिओने' (समावेश) कायद्याच्या नावात आला तो २०१७ साली.

आपल्याकडे १९७४ची केंद्राची योजना 'एकात्म' शिक्षणाची होती. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा पुढे जातो: मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलेल. त्यामुळे आजच्या अर्थाने 'एकात्म' लिहू नये.

राहिले दोन. 'पोषक' म्हणजे पोषण करणारं, 'प्रकाशित' म्हणजे जे प्रकाशात आणलं गेलं ते. त्या न्यायाने समावेशित होतं ते मूल. त्याला सामावून घेणारं शिक्षण 'समावेशक'. मी तोच लिहितो. 'समावेशित शिक्षण' सरकारी योजनांच्या नावांत रुळला आहे, तो तिथे तसाच ठेवावा. पण त्यातून 'समावेशितची मुलं' असा जो प्रयोग शिक्षकांच्या बोलण्यात शिरला आहे, तो मला खुपतो, कारण त्या एका शब्दाने वर्गात पुन्हा वेगळा बाक मांडला जातो. 'समावेशी' हिंदीतून आला आहे. 'समावेशक' असताना त्याची गरज नाही.