अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी सेल्युलर ट्रेल कॅमेरा कोणता घ्यावा आणि कसा लावावा?

सेल्युलर ट्रेल कॅमेरा म्हणजे रानात झाडाला बांधायचा, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढून मोबाइल नेटवर्कवरून फोनवर पाठवणारा कॅमेरा. तुम्ही लिहिलंय की विस्कॉन्सिनमध्ये एका शेतकऱ्याने त्याच्या रानात शिकारीला परवानगी दिलीय, बजेट दोन कॅमेऱ्यांचं आहे आणि यूट्यूब बघून डोकं भंजाळलंय. भंजाळणारच, तिथे निम्म्या लोकांना कॅमेरे फुकट मिळालेले असतात. मी मॅडिसनला राहतो, शिकारीला व्हर्नन काउंटीच्या बाजूला जातो, सप्टेंबरपासून धनुष्य आणि नोव्हेंबरात रायफल, त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या डोंगर-घळीच्या भागातल्या व्हाइटटेलबद्दल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे, टेक्सासवाल्याचं गणित वेगळं असतं.

सगळ्यात आधी मेगापिक्सेल बघणं सोडा. खोक्यावर 36, 40 काहीही छापलेलं असतं, त्यातला बराचसा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, आणि तुमच्या फोनवर येतो तो छोटा थंबनेल, मूळ फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावरच राहतो. खरा प्रश्न एकच, ज्या झाडाला कॅमेरा बांधणार त्या झाडापाशी नेटवर्क येतं का. आमच्या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात, हिमयुगात बर्फाने बाकीचं राज्य जसं सपाट करून टाकलं तसं इथे झालं नाही, म्हणून इथे उंच डोंगरधारा आणि खोल घळी आहेत, धारेवर फुल रेंज आणि तीनशे पावलं खाली उतरलं की फोन मेलेला. तुमची जागा तशी असेल तर गाडीत बसून रेंज बघू नका, झाडापाशी जाऊन छातीच्या उंचीवर फोन धरून बघा, आणि जमलं तर एक व्हेरायझनवाला आणि एक एटी अँड टीवाला असे दोन फोन न्या. हल्ली दोन नेटवर्कमधलं जे चांगलं ते आपोआप पकडणारे कॅमेरे मिळतात, स्पायपॉइंटचा फ्लेक्स किंवा मोल्ट्रीची एज सिरीज, पहिल्यांदा घेणाऱ्याने सरळ तसलाच घ्यावा, कोणाचं सिम घेऊ हा प्रश्नच मिटतो. घळीत अजिबातच रेंज नसेल तर कडबॅकची कडलिंक म्हणून सिस्टीम आहे, त्यात कॅमेरे आपापसात रेडिओने बोलतात आणि रेंजमधला एकच कॅमेरा सगळ्यांचे फोटो पाठवतो. पण दोन कॅमेऱ्यांसाठी एवढा खटाटोप नको, एक सेल्युलर धारेवर लावा आणि घळीत साधा कार्डवाला ठेवा.

ब्रँडवरून लोक भांडतात, मला त्यात रस नाही. मोल्ट्री, स्पायपॉइंट, टॅक्टाकॅमचा रिव्हील, शंभर डॉलरच्या आसपासचे सगळे कामापुरते चांगले आहेत. फरक पडतो तो अ‍ॅप किती सुटसुटीत आहे आणि महिन्याचा प्लॅन कसा आहे यात, कारण कॅमेऱ्याचे पैसे एकदा जातात, प्लॅनचे दर महिन्याला जातात. स्पायपॉइंट महिन्याला 100 फोटोंपर्यंत फुकट देत आलंय, शांत जागेवर ते पुरतात, पण घ्यायच्या दिवशी सध्याचा प्लॅन वाचा. आणि सीझन संपल्यावर प्लॅन थांबवता येतो का तेही बघा, वर्षभराचं बांधून घ्यायची घाई करू नका.

रात्रीच्या फोटोंसाठीचे इन्फ्रारेड फ्लॅश दोन प्रकारचे असतात. 850 नॅनोमीटरवाल्याचा लाल ठिपका अंधारात दिसतो, पण प्रकाश लांबपर्यंत जातो. 940 वाला दिसतच नाही, फोटो मात्र जरा अंधारे आणि जवळपासचेच येतात. शेताच्या कडेला 850 चालतो, हरणांच्या वाटेवर किंवा स्क्रेपवर (नराने उकरलेली जागा, पुढे सांगतो) मी 940 च लावतो, हरणापेक्षा माणसाला दिसू नये म्हणून जास्त. सरकारी जमिनीवर कॅमेरे चोरीला जातात, तिथे लोखंडी पेटी आणि केबल लॉक घ्याच. उत्तरेकडे गेलात तर अस्वलं कॅमेरा चावून बघतात, त्यासाठीही तीच पेटी कामाला येते.

बॅटरीत काटकसर करू नका. साधे अल्कलाइन सेल थंडीत झोपतात आणि आपल्याकडे डिसेंबरात उणे वीस काही नवलाईचं नाही. रिचार्जेबल निकेलवाले 1.2 व्होल्टचे असतात, आठ घातले तर 12 च्या जागी साडेनऊच्या आसपास मिळतात, मग कॅमेरा पहिल्याच आठवड्यात बॅटरी संपली म्हणून रडायला लागतो. लिथियम एए घ्या, महाग आहेत पण उणे चाळीसपर्यंत चालतात. सोबत छोटं सोलर पॅनेल जोडलं तर आणखी उत्तम, फक्त ते दक्षिणेकडे तोंड करून आणि पानं गळण्याआधीही ऊन लागेल अशा जागी बांधा. लोक ते कॅमेऱ्याच्याच झाडाला सावलीत बांधतात आणि मग पॅनेल भंगार आहे म्हणून रिव्ह्यू लिहितात.

आता लावायचं कसं, खरा खेळ इथे आहे. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा, कारण नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो आणि दुसरीकडे तोंड असेल तर दिवसातून कधी ना कधी लेन्समध्ये ऊन घुसतंच. वाटेला काटकोनात लावू नका. सेन्सरला उष्ण वस्तू आडवी सरकली की पटकन कळतं, म्हणून काटकोनात तो लगेच जागा होतो खरा, पण कॅमेरा फोटो काढेपर्यंत हरिण पुढे गेलेलं असतं आणि तुम्हाला शेपूट मिळते. सरळ वाटेच्या दिशेने लावला तर समोरून येणारं जनावर त्याला उशिरा कळतं. म्हणून साधारण 45 अंशात, वाटेपासून पंधरा-वीस फुटांवर. उंची हरणाच्या छातीएवढी, म्हणजे तीन फूट. जिथे माणसांची ये-जा आहे तिथे सात-आठ फुटांवर बांधून खाली झुकवा, झुकवायला महागडा ब्रॅकेट लागत नाही, पट्टा अर्धवट आवळायचा, कॅमेऱ्याच्या वरच्या कडेमागे अंगठ्याएवढी काटकी खुपसायची आणि मग पट्टा पूर्ण ओढायचा, हलत नाही. झाड मात्र मांडीपेक्षा जाड बघा, बारीक झाड वाऱ्यावर डुलतं आणि रिकाम्या गवताचे दोनशे फोटो येतात, महिन्याचा प्लॅन एका वादळी दुपारी खलास. समोरचं उंच गवत आणि लोंबणाऱ्या फांद्या छाटा, ऊन लागून तापलेलं गवत हललं तरी सेन्सर फसतो. पण रान भादरून टाकू नका, मोठ्या नराला असला फरक कळतो.

बांधून झालं की टेस्ट मोडवर ठेवा आणि हरणाच्या चालीने, वाकून, वाटेवरून चालत जा. दिवा कुठे लागतो ते बघा. मग तिथेच उभं राहून अ‍ॅपमधून एक फोटो मागवा आणि तो फोनवर आल्याशिवाय जागा सोडू नका. अँटेना सरळ उभी हवी, झाडाच्या बुंध्याला चिकटलेली नको. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, लॅपटॉपवर नाही.

जागा ऋतूप्रमाणे बदलते. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या कडा, ऑक्टोबरच्या मध्यापासून स्क्रेप, आणि गन सीझननंतर ज्या शेतात मका उभा राहिलाय ते शेत. दोनपैकी एक कॅमेरा मी डोळे मिटून स्क्रेपवर लावेन. स्क्रेप म्हणजे नराने खुराने उकरलेली जमीन आणि तिच्या बरोबर वर चघळलेली, तोंड घासलेली फांदी. नवखे लोक जमिनीकडे कॅमेरा रोखतात, फ्रेममध्ये फांदी पाहिजे, नर तिथे मान वर करून उभा राहतो आणि शिंगं दोन्ही बाजूंनी दिसतात. रट, म्हणजे माजाचा जोर, आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतो, त्याच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत स्क्रेपवर जी वर्दळ असते ती बघण्यासारखी. मक्याचा ढीग टाकून त्यावर कॅमेरा लावायचा विचार असेल तर आधी तुमच्या काउंटीचा नियम बघा, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या रोगामुळे, जो विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये सापडला, बहुतेक काउंट्यांत बेटिंग (आमिष टाकणं) आणि फीडिंग (खाणं घालणं) याला बंदी आहे.

सेल्युलरचा फायदा फोटो लगेच बघायला मिळतो हा नाहीच, फायदा हा की तुम्हाला रानात जावं लागत नाही. कार्ड काढायला दर शनिवारी जाणारा माणूस दर शनिवारी वास सोडून येतो, आणि मोठा नर दोनदा वास आला की दिवसा बाहेर पडायचं बंद करतो. म्हणून ऑगस्टमध्ये भर दुपारी, शक्यतो पाऊस यायच्या आधी, रबरी बूट घालून एकदाच जा, नवे लिथियम घाला आणि जागा बदलायची वेळ सोडली तर सीझन संपेपर्यंत तिकडे फिरकू नका. त्यासाठी जागाही अशी हवी की बेडिंगमधून, म्हणजे हरणं दिवसा बसतात त्या जागेतून, न जाता पोचता येईल. सेटिंग लगेच-पाठव वर ठेवू नका, दिवसातून दोनदा पुरे, बॅटरी जास्त टिकते. व्हिडिओ फोनवर मागवू नका, कार्डावर साठू द्या.

फोटो आला की रात्री दोनचा असेल तर फार हुरळू नका. दिवसाउजेडी आला असेल तर त्या वेळी वारा कुठून होता ते वहीत लिहा, तोच वारा परत आला की त्या बाजूच्या स्टँडवर (शिकारीच्या मचाणावर) बसा. आणि फोटो नाही म्हणजे हरिण नाही असं नसतं, कॅमेरा एक चिंचोळी पट्टी बघतो, हरिण त्याच्या पाठीमागून जातं.

कायद्याचं बघून घ्या कारण प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. अ‍ॅरिझोनाने 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे पूर्ण बंद केले, युटामध्ये सरकारी जमिनीवर 31 जुलै ते 31 डिसेंबर बंदी, नेवाडात फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी जमिनीवर 1 जुलैपासून वर्षअखेरपर्यंत. विस्कॉन्सिनमध्ये चालतात, डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या जमिनीवर लावलात तर त्यावर नाव-पत्ता किंवा त्या खात्याचा कस्टमर आयडी टाका. फोटो आला आणि लगेच बंदूक घेऊन धावले, असं काही जण करतात, मला ते आवडत नाही, आणि विक्रमी शिंगांच्या नोंदी ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लबही अशा ताज्या फोटोच्या मागावर मारलेला नर आपल्या रेकॉर्डमध्ये घेत नाही.

एच-वन-बीवर असाल तर एक महत्त्वाचं. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, अपवाद म्हणजे तुमच्याकडे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, जो 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे लागतोच, मग लायसन्स, मग बंदूक, हा क्रम चुकवू नका. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. धनुष्याला ही बंदूकबंदीची भानगड नाही, म्हणून आपली बरीच मंडळी तिथून सुरुवात करतात.

सेकंडहँड कॅमेरा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, 2022 मध्ये इथली थ्रीजी नेटवर्क बंद झाली, त्याआधीचे थ्रीजी कॅमेरे आता फक्त कार्डावर फोटो काढतात. आणि पुण्याहून भाऊ विचारतील की आम्ही गावाकडे रानडुकरासाठी लावू का, तर भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हौसेच्या शिकारीचा विषयच नाही. तिथे हेच तंत्र वाघ मोजायला वापरतात, 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखला होता.